पांढरी ओमनी

मागच्या पावसाळ्यात एका मंगळवारी रात्री पावणेदहाच्या सुमारास आमच्या सोसायटीतल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज येऊन पडला. पांढऱ्या ओमनीतून एक टोळी फिरते आहे, शाळा सुटायच्या वेळी मुलांना चॉकलेटचं आमिष दाखवून उचलते, पलीकडच्या वस्तीतून तीन मुलं गेली आहेत, पोलिसांनी बातमी दाबून ठेवली आहे, तरी जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा. शेवटी जोडलेल्या हातांची तीन चित्रं. तारीख नाही, पोलीस ठाण्याचं नाव नाही, गेलेल्या मुलांपैकी एकाचंही वय नाही. हाच मेसेज चार-पाच वर्षांपूर्वी माझ्या मामेबहिणीने दुसऱ्या शहरातून पाठवला होता. तेव्हा वस्तीचं नाव वेगळं होतं. गाडी हीच, रंगही हाच.

हे सगळं मला दिसत होतं. भीती या विषयावर पुस्तक लिहायला घेतलेला माणूस मी, असल्या मेसेजांची चिरफाड करणं हा तेव्हा माझा रोजचा उद्योग होता. आणि तरीही फोन खाली ठेवून पहिलं काम काय केलं, तर आतल्या खोलीत जाऊन मुलगी झोपली आहे ना हे बघून आलो. ती आडवीतिडवी पसरली होती, पंखा पाचवर होता. तो तीनवर केला आणि बाहेर आलो. सकाळी तिला फाटकापर्यंत सोडायला एरवी आजोबा जातात, दुसऱ्या दिवशी मी गेलो.

फाटकाशी उभं राहून ती ज्या गाडीची वाट बघते ती गाडी, सांगायला हरकत नाही, पांढरी ओमनीच आहे.

ओमनीचं नशीब विचित्र. १९८४ साली मारुतीने ही डबा गाडी ‘व्हॅन’ म्हणून आणली, पुढे तिचं नाव ओमनी झालं, २०१९ साली तिचं उत्पादन थांबलं. बाजूला सरकणारं दार आणि आत भरपूर जागा, यामुळे हिंदी सिनेमातल्या गुंडांनी ती अपहरणासाठी पसंत केली. नेमक्या त्याच कारणाने शाळेच्या व्हॅनवाल्यांनीही ती पसंत केली. एक पिढी अशी आहे जिने सकाळी ओमनीतून शाळा गाठली आणि रात्री टीव्हीवर ओमनीतून हिरॉइनला पळवताना पाहिलं. गाडी एकच, फरक एवढाच की एका गाडीच्या चालकाला आपण ‘काका’ म्हणतो. आईबापांना मुलांच्या बाबतीत वाटणारी गुन्ह्याची भीती कशी घडते, हे शोधायचं तर या ‘काका’ शब्दाभोवतीच बराच वेळ घुटमळावं लागतं.

गुन्ह्याच्या भीतीचा अभ्यास सुरुवातीला फार साध्या प्रश्नावर चालत असे: तुम्हाला रात्री रस्त्यावर एकट्याने चालायला भीती वाटते का? उत्तरं चक्रावून टाकणारी यायची. ज्यांच्यावर हल्ले जास्त होतात ते तरुण पुरुष निवांत, आणि आकडेवारीत कमी सापडणाऱ्या बायका आणि म्हातारी माणसं जास्त घाबरलेली. १९९२ साली मार्क वॉर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने प्रश्नाचा रोख बदलला. घरातल्या कुणासाठी तुम्हाला भीती वाटते, असं त्यांनी विचारलं. पुढे २००० साली ख्रिस्तोफर एलिसन यांच्यासोबत त्यांनी हाच धागा आणखी ताणला. निष्कर्ष असा की घरात स्वतःबद्दलच्या भीतीपेक्षा दुसऱ्याबद्दलची भीती जास्त आढळते, आणि बहुधा जास्त तीव्रही असते. लोक कुलपं, कुत्रे, जाळ्या यांवर पैसा घालतात तो स्वतःपेक्षा घरच्यांच्या चिंतेने.

मराठी आईला यात नवल वाटणार नाही. आपल्याकडे या भीतीला भीती म्हणतच नाहीत, ‘काळजी’ म्हणतात. ‘काळजी वाटते’ आणि ‘काळजी घेते’ ही दोन्ही वाक्यं एकाच शब्दावर उभी आहेत. त्यामुळे घाबरणं हेच प्रेमाचं काम होऊन बसतं. ज्या आईला काळजी वाटत नाही ती काळजी घेत नसणार, असं भाषाच आपल्याला सुचवते. हे ध्यानात ठेवा, पुढे एका प्रयोगात ते पुन्हा भेटेल.

आता ही भीती मनात जी चित्रं उभी करते, त्यांच्याकडे येऊ. माझं लहानपण सांगलीत गेलं. १९९६ च्या नोव्हेंबरात कोल्हापूरच्या बालहत्याकांडाची बातमी फुटली तेव्हा मी चौथीत होतो. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली गर्दीच्या जागांवरून लहान मुलं उचलत, त्यांना कडेवर घेऊन पाकीटमारी करत, आणि मूल अडचणीचं झालं की मारून टाकत. १९९० पासून सहा वर्षं हे चाललं होतं. खटला उभा राहण्याआधीच आई तुरुंगात मेली. मुलींना २००१ मध्ये फाशीची शिक्षा झाली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि दयेच्या अर्जाला झालेल्या अक्षम्य उशिरामुळे २०२२ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. त्या हिवाळ्यात आजी मला देवळात नेताना माझं मनगट असं धरायची की घरी आल्यावर बोटांचे वळ दिसायचे.

आमोस त्वेर्स्की आणि डॅनियल काहनेमन यांनी १९७३ साली दाखवून दिलं होतं की एखादी गोष्ट किती वेळा घडते हे ठरवताना माणूस मोजत नाही, आठवून पाहतो. जे पटकन आठवतं ते वारंवार घडतं, असं मन धरून चालतं. कोल्हापूरची ती कथा ज्यांनी वर्तमानपत्रात वाचली त्यांना ती जन्मभर पटकन आठवणार आहे. पण मला त्यात जास्त खुपते ती दुसरी गोष्ट. मुलं पळवणाऱ्या त्या बायका होत्या. कडेवर मूल, अंगावर साडी, बसस्टँडवर कुणीही ‘बसा ताई’ म्हणावं अशा. तरीही त्यानंतर आमच्या गल्लीत संशय कुणावर आला? दारावर येणाऱ्या जोग्यावर, फकिरावर, वासुदेवावर. भीती नवी होती, पण तिने चेहरा जुनाच शोधला. ‘जेवत नाहीस? थांब, झोळीवाल्याला देते’ असं म्हणत आपल्या आयांनी तो चेहरा आधीच तयार करून ठेवला होता. झोळी खांद्यावर असलेला, गावाबाहेरचा, आपली बोली नीट न बोलणारा माणूस. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने भटक्या जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण ‘फिरतो म्हणजे काहीतरी असणार’ हा हिशेब गेला नाही. वर्तमानपत्र भीतीला ताकद पुरवतं. तिने कुणाकडे बोट दाखवायचं हे बऱ्याचदा त्याआधीच ठरलेलं असतं.

असं आपल्याकडेच होतं असं नाही. १९७९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये शाळेच्या बसपर्यंत एकटा निघालेला सहा वर्षांचा मुलगा नाहीसा झाला, १९८१ मध्ये फ्लोरिडातल्या दुकानातून आणखी एक गेला, आणि अमेरिकेत दुधाच्या खोक्यांवर हरवलेल्या मुलांचे फोटो छापले जाऊ लागले. रोज सकाळी न्याहारीच्या टेबलावर एक हरवलेलं मूल. वर्षाला ५०,००० मुलं अनोळखी माणसं पळवतात, असा आकडा तोंडोतोंडी झाला. ‘डेन्व्हर पोस्ट’च्या वार्ताहरांनी तो तपासला, तेव्हा हरवलेली बहुतेक मुलं घरातून पळालेली किंवा घटस्फोटित आईबापांच्या ओढाताणीत एकाने नेलेली निघाली. या कामाला १९८६ चं पुलित्झर मिळालं. पुढे सरकारी अभ्यासात १९९९ सालासाठी, अनोळखी माणसाने मूल पळवण्याच्या सिनेमात दिसतात तशा घटना साऱ्या देशात सुमारे ११५ निघाल्या. एकेक घटना काळीज चिरणारी, पण ५०,००० कुठे आणि ११५ कुठे. दरम्यान मुलं घरात आली ती आलीच. इंग्लंडमध्ये १९७१ साली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्यांच्या सोबतीशिवाय शाळेत जात. १९९० मध्ये ९ टक्के.

आपल्या आकड्यांकडे वळताना मात्र जरा सावध राहावं लागतं, कारण ते दोन्ही बाजूंनी फसवतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ साली मुलांविरुद्धचे १,६२,४४९ गुन्हे आहेत, आणि त्यातले जवळपास ४६ टक्के अपहरणाचे. म्हणजे मेसेज पाठवणाऱ्या शेजाऱ्यांचं खरंच होतं की काय? थांबा. मे २०१३ मध्ये ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की मूल हरवल्याची तक्रार आली तर नुसती मिसिंगची नोंद करून भागणार नाही, अपहरण झालं असावं असं धरून गुन्हाच नोंदवायचा. आदेश शहाणपणाचा होता. त्याआधी गरिबाचं मूल हरवलं की ‘येईल दोन दिवसांत, मामाकडे गेलं असेल’ असं सांगून आईबापांना वाटेला लावत. पण त्याचा एक परिणाम असा झाला की दहावीच्या निकालाला घाबरून मुंबईची गाडी पकडलेला मुलगा, सावत्र बापाच्या माराला कंटाळून निघून गेलेली मुलगी आणि सतराव्या वर्षी प्रियकरासोबत पळालेली मुलगी, ही सगळी नोंदवहीत ‘अपहृत’ झाली. आकडा वाढला तो बराचसा नोंद चोख झाल्यामुळे. बातमीत मात्र एवढंच येतं की राज्यात अपहरणं वाढली, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ओमनीचं दार सरकतं.

दुसरी फसवणूक याहून गंभीर आहे. पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. या कायद्याखालच्या बलात्काराच्या प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असण्याचं प्रमाण दरवर्षी ९५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर असतं. हा आकडा सभांमधून नेहमी फेकला जातो, पण त्यातही प्रेमप्रकरणांचे, पळून जाऊन केलेल्या लग्नांचे खटले मिसळलेले आहेत, आणि तिथे ‘ओळखीचा’ म्हणजे प्रियकर. म्हणून मी त्यापेक्षा जुन्या अभ्यासाकडे बघतो. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी थेट बोलून अहवाल काढला होता. ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारच्या लैंगिक छळाचा अनुभव सांगितला, आणि छळणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीचे किंवा ज्यांच्यावर मूल सोपवलेलं होतं असे. निम्मे म्हणजे फक्त निम्मे, असं कुणाला वाटेल. पण आपण मुलांना शिकवतो त्यातला कितीसा भाग त्या निम्म्यांबद्दल असतो? अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नकोस, हे मूल तीन वर्षांचं असल्यापासून पाठ करतं. आणि तेच मूल पाहुणे आले की ‘काकांना पापी दे’ या हुकमाने पुढे ढकललं जातं.

आपण नेमकं उलट का घाबरतो, याचं उत्तर अज्ञान हे नाही. मला भेटलेल्या जवळजवळ प्रत्येक आईला हे माहीत आहे, कित्येकींना तर स्वतःच्या लहानपणापासून माहीत आहे. प्रश्न परवडण्याचा आहे. अनोळखी माणसावर संशय घ्यायला काही खर्च येत नाही. दिरावर, शिकवणीच्या सरांवर, सासरच्या वडीलधाऱ्यांवर, व्हॅनवाल्या काकांवर संशय घ्यायचा तर रोजचं जगणंच बंद पडेल. मूल सांभाळायला माणसं लागतात, आणि माणसं विश्वासावर मिळतात. म्हणून मन एक सोय करतं: सगळी भीती गोळा करून ज्याच्यावाचून आपलं काही अडत नाही अशा माणसाच्या डोक्यावर ठेवतं.

ही सोय कोलमडते तेव्हा काय होतं ते ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात दिसलं. शाळेतल्या सफाई कर्मचाऱ्याने चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार केल्याचं उघड झालं, तक्रार नोंदवायला गेलेल्या पालकांना ताटकळावं लागलं, आणि २० तारखेला लोक रुळांवर उतरले. लोकल तासन्‌तास बंद. शाळेतला माणूस म्हणजे घरचा माणूस, हा समज तुटल्याचा तो राग होता. सरकारचं उत्तर आलं: शाळाशाळांत सीसीटीव्ही बसवा. बसवावेत, माझी ना नाही. पण कॅमेरा प्रामुख्याने फाटकातून आत शिरणाऱ्या परक्याला पकडायला शोधलेलं यंत्र आहे, आणि तो माणूस तर रोज हजेरी लावून आत येत होता. पुन्हा एकदा भीती ओळखीच्या घरातून निघाली आणि कुंपणावर जाऊन बसली.

आता तो प्रयोग. अमेरिकेत अर्व्हाइनच्या विद्यापीठात ॲशली थॉमस, काइल स्टॅनफर्ड आणि बार्बरा सार्नेका यांनी २०१६ मध्ये लोकांना छोट्या गोष्टी वाचायला दिल्या. प्रत्येक गोष्टीत एक मूल थोड्या वेळासाठी एकटं राहतं, उदाहरणार्थ सावलीत उभ्या गाडीत झोपलेलं. गोष्टी सारख्याच, फक्त आई का गेली याचं कारण बदललेलं. एकीत तिला गाडीची धडक बसून ती बेशुद्ध पडली. दुसरीत कामावर गेली, तिसरीत समाजसेवेला, चौथीत निवांत बसायला, पाचवीत प्रियकराला भेटायला. मग विचारलं, या वेळात मुलाला किती धोका होता? एक ते दहा गुण द्या. सरळ विचार केला तर कारणाने काही फरक पडायला नको. गाडी तीच, सावली तीच. उलट आई बेशुद्ध असेल तर ती लवकर परत येईल याची खात्री नाही, म्हणजे धोका थोडा जास्तच. लोकांनी मात्र सर्वांत कमी धोका बेशुद्ध आईच्या मुलाला दिला आणि सर्वांत जास्त प्रियकराकडे गेलेल्या आईच्या. म्हणजे आईचं वागणं जितकं नापसंत, तितकं मूल जास्त धोक्यात. त्यातही, बाप कामावर गेला असेल तर लोकांनी त्याला जवळजवळ अपघाताइतकीच सूट दिली. आईला ती मिळाली नाही.

हा निकाल मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बायकोला वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. ‘यासाठी अमेरिकेत जावं लागलं?’ एवढंच म्हणाली.

तिचं बरोबर होतं. मुलीला गुडघ्याला खरचटलं तर शाळेतून फोन तिला जातो. मी चालतो, पण दुसऱ्या क्रमांकावर. आईच्या भीतीत गुन्हेगार असतो तसे शेजारपाजारचेही असतात, शाळेच्या गेटवर उभ्या दुसऱ्या आया असतात, नणंद असते. ‘काही झालं असतं तर?’ या वाक्याचा अदृश्य शेवट ‘तर सगळे मला काय म्हणाले असते’ असा असतो. लोक काय म्हणतील ही काही फालतू भीती नाही. खरंच काही अघटित घडतं तेव्हा पहिला प्रश्न ‘आई कुठे होती?’ हाच येतो, बाप कुठे होता हे विचारायचं कुणाला सुचत नाही. मग घाबरून राहणं हा एक प्रकारचा पुरावा होतो. मी घाबरले होते, म्हणजे मी चांगली आई होते. गंमत अशी की हीच आई, आणि हाच मी, मुलीला स्कूटरवर पुढे उभं करून हेल्मेटशिवाय भाजी आणायला नेतो. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यात अठराच्या आतली साडेनऊ हजारांच्या आसपास. स्कूटरवरून पडलं तर लोक नशिबाला बोल लावतात. ओमनीने नेलं तर आईला.

पण ‘आईबापांची भीती अवास्तव असते’ हे वाक्य मी या पुस्तकात कुठेही लिहिलेलं नाही, आणि त्याचं कारण बीड जिल्ह्यात आहे. दिवाळीच्या आसपास तिथून लाखो माणसं ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, मुकादमाकडून उचल घ्यायची ती कोयत्यामागे. सहा महिने मुक्काम कोपीत, म्हणजे ताडपत्री नाहीतर पाचटाच्या खोपटात, ज्याला लावायला दारच नसतं. पहाटे अंधारात दोघं फडावर. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचं काय करायचं? बरोबर न्यावी तर दिवसभर त्या खोपटात एकटी. गावी ठेवावी तर थकलेल्या आजीपाशी, आणि सातवीनंतरची शाळा तीन-चार किलोमीटरवर. अशा बापाला तुम्ही आकडेवारी काय सांगणार? त्याची भीती त्याने टीव्हीवरून आणलेली नाही. तो या भीतीवर एकच जालीम उपाय करतो, मुलीचं लग्न लावून देतो. त्यात नवा कोयता तयार होतो, उचल वाढते, आणि ‘जबाबदारी’ दुसऱ्याच्या गळ्यात पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या जवळपास २२ टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. त्यातली सगळी भीतीपोटी झाली असं कुणी म्हणणार नाही, पण या पट्ट्यात बापाशी बोलायला बसलं की हुंड्याच्या आधी भीतीचा विषय निघतो. आणि मानव विकासच्या निळ्या एसटीसारखी साधी गोष्ट, मुलींना दारातून शाळेपर्यंत फुकट नेणारी, त्या भीतीचं जेवढं करते तेवढं कुठलंही समुपदेशन करत नाही. भीतीला पाय फुटतात ते मधल्या निर्मनुष्य तीन किलोमीटरमध्ये.

मधल्या त्या अंतरात कोण उभं आहे, हा प्रश्न शिकागोतही विचारला गेला. रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ३४३ वस्त्यांमधल्या ८,७८२ लोकांना विचारलं: मुलं शाळा बुडवून कोपऱ्यावर उभी असतील तर तुमचे शेजारी काही बोलतील का? भिंतीवर रंग फासत असतील तर? मोठ्या माणसाला उलटून बोलली तर? १९९७ मध्ये ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष आले. गरिबी वगैरे हिशेबात धरूनही, जिथे लोक दुसऱ्याच्या मुलासाठी पुढे होतील असं वाटत होतं तिथे हिंसाचार कमी होता. या गुणाचं मराठी भाषांतर करायची गरज नाही, ते तीन शब्दांत आपल्याकडे आहे: ‘कुणाचा रे तू?’ चाळीच्या गॅलरीतून, वाड्याच्या ओट्यावरून हा प्रश्न आला की मूल जागच्या जागी थिजायचं. बापाचं नाव सांगावं लागायचं, आणि ते नाव मुलाच्या आधी घरी पोहोचायचं.

चाळीच्या आठवणीने गळा दाटून येणाऱ्यांतला मी नाही. आमच्या वाड्यात एका खोलीत एकटीने जायचं नाही, हे मोठ्या मुली धाकट्यांना सांगत. मोठ्या माणसांना कुणी सांगत नसे. पण तो ओट्यावरचा प्रश्न होता, हे खरं. आज माझ्या मुलीला लिफ्टमध्ये कुणी अनोळखी माणसाने ‘कुणाची गं तू?’ विचारलं तर मी कान टवकारीन, आणि विचारणाऱ्याच्याही ते लक्षात येईल, म्हणून तो विचारणार नाही. प्रत्येक जण सभ्यपणे फोनमध्ये बघत उतरेल. सोसायटीत दोनशे घरं आणि तळमजल्यावर बाराजणांची सुरक्षा पाळी आहे, पण दुसऱ्याच्या मुलाला हटकायचा अधिकार कुणाकडेच उरलेला नाही. ती रिकामी जागा मग मेसेज भरून काढतात.

आणि हटकण्याची ती वृत्ती मेसेजला येऊन मिळते तेव्हा राईनपाडा होतं. धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं गाव, १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजार. मुलं पळवणाऱ्या टोळ्या फिरताहेत असे मेसेज कित्येक आठवडे फोनांवर येत होते. त्या उन्हाळ्यात देशभर फिरलेली एक चित्रफीत तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या प्रचाराची होती. मोटरसायकलवरचे दोघे मूल उचलतात, मग परत आणून सोडतात आणि पालकांना सावधगिरीची पाटी दाखवतात. पाटीचा हा शेवटचा भाग कुणीतरी कापून टाकला होता. त्या बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं आली होती, मंगळवेढ्याकडची, भिक्षेसाठी पिढ्यान्‌पिढ्या फिरणारी. त्यांच्यातल्या एकाने एका लहान मुलीशी बोलायचा प्रयत्न केला, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. एवढं पुरलं. जमावाने पाच जणांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या कचेरीत नेलं आणि तिथे ते मरेपर्यंत मारलं. त्यांना मारणारे बहुतेक स्वतःला बाप समजत होते. दुसऱ्याच्या मुलासाठी पुढे झालेली माणसं होती ती, सॅम्पसनच्या प्रश्नाला हो म्हणाली असती. फक्त ‘कुणाचा रे तू?’ विचारल्यावर उत्तर ऐकून घ्यायची पद्धत त्या दिवशी मोडली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. आजीच्या गोष्टीतल्या झोळीवाल्याला अशी मर्यादा कुणी घालू शकत नाही.

आमच्या ग्रुपवरचा मेसेज त्या रात्री एकूण पाच ठिकाणी गेला असेल का, मला माहीत नाही. मी खाली एक ओळ लिहिली, की हा जुना आहे, शहानिशा केल्याशिवाय पाठवू नये. दोन जणांनी अंगठा दाखवला. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी लिहिलं, ‘खोटा असेल भाऊजी, पण सावध राहिलेलं बरं ना.’ यावर काय लिहावं ते सुचेना, मीही अंगठा दाखवला.

सकाळी पाऊस होता. सात वाजून वीस मिनिटांनी ओमनी आली. मागच्या सीटखाली गॅसची टाकी, वर आठ दप्तरं आणि नऊ मुलं. काकांनी एका हाताने दार सरकवलं, दुसऱ्या हातात छत्री धरून मुलीला आत घेतलं, तिचा डबा वर ठेवला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि निघून गेले. तीन वर्षं हाच माणूस तिला नेतो-आणतो. रात्रीच्या मेसेजने मनात काहीतरी ढवळून ठेवलं होतं म्हणून असेल, मी फोन काढून त्यांचा नंबर शोधला. ‘व्हॅनकाका’ या नावाने सेव्ह केलेला होता. बायकोच्या फोनमध्येही तेच. आजोबांना विचारलं, त्यांनी ‘चांगला माणूस आहे’ असं सांगितलं. संध्याकाळी मुलीला विचारलं, व्हॅनवाल्या काकांचं नाव काय गं?

‘काका,’ ती म्हणाली.